गाडी चावी ओळखेना

बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळची पहिली पाळी. साडेसहाला मशीनला लावतात, म्हणून वसंत विहारमधून आम्ही सहाच्या ठोक्याला निघतो. उशीर झाला की पुढच्या रुग्णाची पाळी सरकू नये म्हणून सिस्टरना बाबांची वेळ कापावी लागते. चार तासांचे साडेतीन होतात, आणि तो कापलेला अर्धा तास पुढचे दोन दिवस बाबांच्या पायांवर सुजेच्या रूपाने दिसतो. हे आधी सांगते, कारण गाडी वेळेवर सुरू होणं आमच्या घरात औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. रात्रभर पाऊस कोसळत होता. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, व्हीलचेअर घडी करून डिकीत टाकली आणि चावी फिरवली. स्टार्टर नेहमीच्या जोमाने फिरला, इंजिनाने क्षणभर पकडलं आणि लगेच बंद. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पकडलंही नाही. पेट्रोल अर्धी टाकी, हेडलाइट लख्ख. मीटरमध्ये मात्र एक लाल दिवा भराभर लुकलुकत होता, गाडीच्या आकृतीत कुलूप असलेला. गाडी लॉक करून ठेवली की तो संथपणे लुकलुकतो, तेवढीच माझी त्याची ओळख. इतका घाईघाईने लुकलुकताना तो नऊ वर्षांत पहिल्यांदाच दिसला.

त्या दिवशी पोखरण रोडवर भिजत रिक्षा शोधली. रिक्षावाल्या दादांनी बाबांना अक्षरशः उचलून आत बसवलं. बाबांना मशीनवर दीड-दोन तास झाल्यावर मी घरी येऊन पुन्हा चावी फिरवली, तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा राहतो. त्याच्याकडे काड्यापेटीएवढं ब्लूटूथचं यंत्र आहे. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. ओबीडी म्हणतात त्याला. गाडीने नोंदलेले दोषांचे कोड तिथून वाचता येतात. त्याने त्यात ते यंत्र खुपसलं आणि मोबाइलवर वाचून दाखवलं, "काकू, पी ०५१३. म्हणजे चुकीची इमोबिलायझर चावी." इमोबिलायझर म्हणजे गाडीचं चोर-कुलूप: ओळखीची चावी नसेल तर ते इंजिन चालू देत नाही.

"चुकीची कशी? हीच तर चावी आहे."

"उडवून टाकू का?"

मी हो म्हटलं. त्याने बटण दाबलं, कोड गेला, गाडी सुरू झाली. आम्ही दोघं खूश. त्या एका 'हो'ची किंमत मला पुढे कळली. कोड पुसला की त्याच्यासोबत बाकीचंही पुष्कळ जातं. दोषाची नोंद झाली तेव्हा इंजिनाचं तापमान किती, फेरे किती, गाडीचा वेग किती, याची एक गोठवलेली नोंद गाडी ठेवते, तीही जाते. इंजिनाच्या इतर यंत्रणांनी स्वतःच्या ज्या तपासण्या पुऱ्या केलेल्या असतात, त्यांची पाटीही कोरी होते. आणि गाडी सुरू झाली ती कोड पुसल्यामुळे नव्हेच. ती तर सकाळी नऊलाही सुरू झाली होती, कोड जागच्या जागी असताना.

शुक्रवार नीट गेला. सोमवारी डायलिसिस आटोपून बाबांना खाली आणलं, आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पुन्हा तेच. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा होतो. रक्तदाब पडलेला असतो, बसवत नाही, बोलवत नाही. बाबा डोळे मिटून सीटवर होते, मागून हॉर्न वाजत होते आणि मी चावी फिरवत होते. सातव्या-आठव्या वेळी गाडी सुरू झाली. घरी पोचेपर्यंत सिग्नललाही इंजिन बंद करायचा धीर झाला नाही.

मग सर्व्हिस सेंटर. त्याचं नाव घेत नाही. त्यांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळच्या कागदावर लिहिलं होतं: 'कोड क्लीअर केले, रिमोटचा सेल बदलला, ट्रायल ओके.' मी विचारलं, कोड कुठले होते? तर ते लिहून ठेवलेले नव्हते. कशामुळे आले? "मॅडम, पावसात येतात कधी कधी." दोन दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी फोनवरून सांगितलं की इमोबिलायझरचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि दोन नव्या चाव्या टाकाव्या लागतील, २८,००० रुपयांचं एस्टिमेट, पार्ट यायला बारा दिवस.

मी ते एस्टिमेट बाबांना वाचून दाखवलं. बाबांची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. ३१ वर्षं. यंत्राचा दोष शोधल्याशिवाय पार्ट बदलणं त्यांना सहन होत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डायलिसिस झालं की माझा क्रिएटिनिनचा आकडा खाली येतो. मग मूत्रपिंड बरं झालं का? परवापर्यंत पुन्हा वर. तुझ्या गाडीचं तेच चाललंय. आकडा पुसतात आणि घरी पाठवतात."

बाबांचे रिपोर्ट मी गेली तीन वर्षं फाईलला लावते आहे. डायलिसिसच्या आधीचा आकडा, नंतरचा आकडा, दोन्ही शेजारी शेजारी. नुसता नंतरचा बघून कुणी आनंद मानत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र मी दोनदा नंतरच्याच आकड्यावर घरी आले होते.

बाबांच्याच ओळखीने वागळेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता मिळाला. सगळे त्यांना मामा म्हणतात. गुरुवारी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, गाडी सुरू झाल्याची संधी साधून वर्तकनगरवरून कामगार रुग्णालयाच्या बाजूने तिकडे गेलो. बाबाही आले. त्यांना तो रस्ता बघायचा होता. जुने कारखाने पाडून काचेचे टॉवर झालेत, तरी त्यांच्या कंपनीच्या गेटसमोरचं वडाचं झाड आहे अजून.

मामांनी सॉकेटला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, आरसी?"

मला वाटलं बिलासाठी हवी असेल. तर म्हणाले, "हे मशीन चावीशी बोलतं. ज्याच्या हातात हे मशीन आणि गाडी, तो नवी चावीही जोडू शकतो. म्हणून गाडी कुणाची ते बघितल्याशिवाय मी चोर-कुलपाला हात लावत नाही." मी डिजिलॉकरमधली आरसी दाखवली. गाडी बाबांच्या नावावर, एमएच ०४. मामांनी बाबांना ओळखपत्र विचारलं, चेहरा पडताळला आणि लांब वहीत गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहिली. खाली बाबांची सही घेतली. सही करताना बाबांचा हात थरथरतो, पण त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. या एका गोष्टीने माझा त्या माणसावर विश्वास बसला. ज्या गॅरेजात आरसी न मागता इमोबिलायझर उघडतात, तिथे गाडी देऊ नका असं मी आता सगळ्यांना सांगते.

पहिलं काम बॅटरीचं. मल्टीमीटरवर १२.५ व्होल्ट. मला चावी फिरवायला सांगितली. स्टार्टर फिरताना आकडा १०.३ वर आला आणि सावरला. "बॅटरी ठीक. हे आधी बघायचं. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार पडला तर सगळी मॉड्यूल उलटसुलट तक्रारी करतात. दहा कोड येतात आणि एकही खरा नसतो." तरीही त्यांनी बॅटरीला चार्जर लावून ठेवला. इग्निशन चालू ठेवून तासभर काम करायचं आणि मध्येच व्होल्टेज ढासळायचा, असं नको म्हणून.

मग स्कॅनर. टॅबलेटसारखा, कडेला रबर लावलेला. शेजारच्या मुलाच्या यंत्रात आणि यात फरक काय, हे मी विचारलं. मामांनी सॉकेटवर टॉर्च मारून दाखवलं: सोळाव्या पिनला बॅटरीचा प्लस, चार आणि पाचला अर्थिंग, सहा आणि चौदा या दोन पिनांवर कॅनची जोडी, जिच्यावर गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. स्वस्त यंत्रही याच पिनांवर बसतं. पण ते इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, फक्त कायद्याने ठरवून दिलेले, धुराशी संबंधित प्रश्न विचारतं. इमोबिलायझर, दारं, एअरबॅग यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि ती त्याला येत नाही. म्हणून मोबाइलवर एकच कोड दिसला होता.

इथे दिसले तीन. इंजिनाच्या ईसीयूमध्ये तोच पी ०५१३. इमोबिलायझरमध्ये बी ने सुरू होणारा कंपनीचा स्वतःचा कोड: ट्रान्सपॉन्डर, म्हणजे चावीतली चिप, वाचता आला नाही, संख्या १४. आणि बॉडीच्या मॉड्यूलमध्ये यू ०१६७, म्हणजे इमोबिलायझरशी संपर्क तुटला. मामांनी तिन्हींचा मोबाइलवर फोटो काढला आणि वहीतही उतरवले. पहिलं अक्षर घर सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे मॉड्यूलमधलं दळणवळण. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांत एकच, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. एकचा कोड दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधला तर भलताच अर्थ निघतो, हे त्यांनी दोनदा बजावलं.

प्रत्येक कोडसमोर एक शब्द होता. पहिल्या दोघांसमोर 'करंट', यू ०१६७ समोर 'हिस्टरी'. मामांनी यू वर बोट ठेवलं. "हा जुना आहे. मॉड्यूल खरंच संपर्कात नसतं तर आत्ता मला त्याच्यातला कोड वाचता आला असता का? कुणीतरी इग्निशन चालू असताना त्याचा कपलर, तारांचा जोड, काढला असणार. गाडी कुठे उघडली होती का?" मी सर्व्हिस सेंटरचं सांगितलं. दोष शोधताना माणसाने स्वतःच पाडलेला कोड पुढच्या माणसाला मॉड्यूल खराब असल्याचा पुरावा वाटू शकतो. माझे २८,००० रुपये बहुधा याच कोडवर उभे होते.

"आता आधी पुसून बघू या, तुमच्या समाधानासाठी." त्यांनी इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून तिन्ही मॉड्यूलमध्ये एकेक करून क्लीअर मारला. 'यशस्वी' असं आलं. चावी काढली, मिनिटभर थांबले, चावी परत घालून फिरवली, पुन्हा स्कॅन. यू गेला होता. पी आणि बी परत हजर. "दोष जिवंत असला की कोड पुसून राहत नाही. गेला तो मेलेला होता म्हणून गेला."

यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

मामांनी लाइव्ह डेटा उघडला. इमोबिलायझरच्या पानावर तीनच ओळी: नोंदलेल्या चाव्या, २. आत्ताची चावी ओळखली, नाही. इंजिन सुरू करण्यास परवानगी, नाही. मला चावी आत ठेवूनच किंचित हलवायला सांगितली. जुडगा डावीकडे झुलला, 'नाही'चं 'होय' झालं. उजवीकडे आला, 'नाही'. डावीकडे, 'होय'. तीन आठवडे ज्या गोष्टीने आमची झोप उडवली होती, ती समोर पडद्यावर माझ्या बोटांच्या तालावर होय-नाही करत होती.

"जुडग्यात काय काय आहे?"

घराची लॅचची चावी, कपाटाची चावी, गणपतीची पितळी की-चेन आणि एक निळा, बदामाच्या आकाराचा प्लास्टिकचा टॅग. सोसायटीने जूनच्या शेवटी प्रत्येक घराला दोन दिले होते. पार्किंगमधून लिफ्टच्या लॉबीत जायच्या दाराला आता कुलूप नाही, हा टॅग टेकवायचा. बाबांची खुर्ची ढकलताना पर्समध्ये शोधावा लागू नये म्हणून मी तो गाडीच्या चावीलाच अडकवला होता.

मामांनी टॅग काढून खिशात टाकला. 'होय'. चावी हलवली, फिरवली, बाहेर काढून परत घातली. होय, होय, होय. टॅग खिशातून काढून चावीच्या मुठीजवळ धरला. 'नाही'.

बाबा खुर्चीतून पुढे झुकून पडदा बघत होते. म्हणाले, "दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीचे?"

"बरोबर, काका. १२५ किलोहर्ट्झ."

मामांनी सांगितलेलं मला जसं कळलं तसं लिहिते. चावीच्या काळ्या मुठीत एक चिप असते, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी. तिला सेल नसतो. मुठीत सेल असतो तो दारं उघडणाऱ्या रिमोटचा, त्याचा या चिपशी काही संबंध नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरने बदललेल्या सेलने फरक पडणं शक्यच नव्हतं. चावीच्या भोकाभोवती, कव्हरच्या आत, तांब्याच्या तारेची कडी असते. इग्निशन चालू केलं की ही कडी चुंबकीय क्षेत्र सोडते, चिप त्यातूनच वीज घेते आणि उत्तर देते. उत्तर पटलं तर इमोबिलायझर ईसीयूला परवानगी देतो. नाही पटलं तर स्टार्टर फिरतो, इंजिन एखाद-दोन सेकंद पकडतं, आणि ईसीयू पेट्रोलची फवारणी थांबवतो. लॉबीच्या दाराचा टॅगही याच जातीचा. क्षेत्र मिळालं की तोही आपला नंबर बोलायला लागतो. "चावीला विचारलं तुझं नाव काय, आणि शेजारचा मोठ्याने आपलंच नाव सांगत बसला. गाडीला धड कुणाचंच ऐकू येत नाही." कडीची पोहोच काही सेंटिमीटरच, त्यामुळे टॅग जुडग्यात कुठे लोंबतोय यावर सगळं ठरायचं. म्हणून कधी सुरू, कधी बंद. सकाळी घाईत चावी घातली की टॅग वर येऊन मुठीला चिकटायचा, नऊ वाजता निवांतपणे घातली की खाली लोंबायचा.

मी फास्टॅगबद्दल विचारलं, कारण तोही काचेवर चिकटवलेला टॅगच. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याचा या कडीशी संबंध नाही, तो राहू दे म्हणाले.

टॅगवर सगळं ढकलून मामा थांबले नाहीत, हे मला फार आवडलं. "टॅगने गोंधळ होतो, पण इतका सहज होऊ नये. कडीचा आवाज कमी पडतोय का बघू." स्टेअरिंगच्या खालचं कव्हर तीन स्क्रू काढून उतरवलं. कडीच्या कपलरवर टॉर्च मारली. एका पिनला हिरवट थर आला होता, तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसा. त्यांच्या भाषेत कार्बन. ठाण्यातल्या पावसाळ्यात, स्टिल्टच्या ओल्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी. मामांनी आधी इग्निशन बंद करून चावी बाहेर काढली, मग कपलर सोडवला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बारीक ब्रशने पिन घासली, पुन्हा फवारा, हवेने सुकवली. जोडताना खट्ट आवाज येईपर्यंत दाबला. हा क्रम मी मुद्दाम लिहिते आहे: आधी इग्निशन बंद, मग कपलर. उलटं केलं की पुन्हा एक यू कोड जन्माला येतो.

आता खरं पुसणं. इग्निशन चालू, इंजिन बंद, चार्जर जागेवर. इमोबिलायझर, मग इंजिन, मग बॉडी. प्रत्येक वेळी 'यशस्वी'. चावी काढून दार बंद करून दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहिलो, मॉड्यूल झोपू देत म्हणून. मग नवा स्कॅन. तिन्ही घरं रिकामी.

मध्ये माझा हात चुकून पडद्याकडे गेला, तेव्हा मामा पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. कोड पुसण्याच्या बटणाखालीच चाव्यांची नोंदणी आणि त्याखाली 'सर्व चाव्या पुसा' होतं. कोड पुसल्याने नोंदलेल्या चाव्यांना धक्का लागत नाही, ती निराळी नोंद. पण ते दुसरं बटण दाबलं आणि चाव्या नोंदवायचा गुप्त आकडा, म्हणजे पिन, हाताशी नसला तर गाडी जागेवरून हलत नाही, आणि पिन चुकीचा टाकत राहिलं तर पुष्कळ गाड्या काही वेळ नवा प्रयत्नही घेत नाहीत. माहिती नसताना, व्हिडिओ बघून, या पानावर कुणी जाऊ नये.

बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, कोड आपोआप जातात, असा सल्ला मला दोघांनी दिला होता आणि एका रविवारी मी तो करूनही पाहिला होता. मामांना सांगितलं. इमोबिलायझरचे कोड वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असतात, ते असे जात नाहीत, म्हणाले. त्या रविवारी माझं घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तेवढी गेली होती. आणि आपोआप जाण्याचा नियम आहे तो धुराशी संबंधित कोडांचा: सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर इंजिनाचा दिवा विझतो, आणि नंतर इंजिन चाळीसदा गरम होऊन गेलं की नोंद जाते. चोर-कुलपाच्या कोडांनी तो पाळावाच असं नाही.

पुसून झाल्यावर मी पर्स उघडली, तर मामा म्हणाले, थांबा. दहा वेळा गाडी सुरू करून बंद करायला लावली, प्रत्येक वेळी चावी पूर्ण बाहेर काढून. दहाही वेळा सुरू. मग त्यांनी टॅग परत जुडग्यात अडकवला. मी दचकले. "मुद्दाम बिघडवून बघायचं, ताई. दोष तोच होता हे तेव्हाच कळतं." साफ केलेल्या कडीने आता टॅगसकटही सात वेळा चावी ओळखली. आठव्या वेळी टॅग मुठीला चिकटला आणि इंजिन पकडून बंद पडलं, लाल दिवा भराभर लुकलुकला. स्कॅन केला, बी कोड परत, संख्या १. टॅग काढला, कोड पुसला, पुन्हा दहा वेळा. शून्य.

बाबा म्हणाले, "असं टेस्टिंग आम्ही करायचो." एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी आजारपण सुरू झाल्यापासून ऐकला नव्हता.

मामांनी घरातली दुसरी चावीही आणायला लावली होती. तीही दहा वेळा. माझ्या मैत्रिणीने एकदा चावीचं कव्हर तुटलं म्हणून नाक्यावर नवं कव्हर घालून घेतलं, चिप जुन्या कव्हरातच राहिली आणि ते कव्हर कचऱ्यात गेलं. तिची दारं उघडायची पण गाडी सुरू व्हायची नाही. दुसरी चावी नीट असणं ही किती मोठी गोष्ट आहे हे तिला विचारावं. आमची दुसरी चावी आता देवघराच्या खणात असते.

१,२०० रुपये झाले. वहीच्या पानाचा फोटो मामांनी मला पाठवला: कोड, तारीख, किलोमीटर, काय सापडलं, काय केलं. तो मी बाबांच्या रिपोर्टच्या फाईलमध्ये, मागच्या खिशात ठेवला आहे. सोसायटीच्या कमिटीलाही सांगितलं. आमच्याशिवाय आणखी दोघांच्या गाड्या जुलैपासून असाच त्रास देत होत्या. त्यातल्या एका काकांनी टॅग चावीपासून वेगळा केला तेवढ्याने त्यांचं भागलं. दुसऱ्यांचं वेगळं निघालं, त्यांची बॅटरीच गेली होती.

त्यानंतर सात आठवडे झाले. एकवीस वेळा आम्ही सकाळी सहाला निघालो, एकवीस वेळा गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी शेजारचा मुलगा न पुसता फक्त वाचून दाखवतो. त्याच्या यंत्राला इमोबिलायझर दिसत नाही हे आता त्यालाही माहीत आहे, म्हणून ऑक्टोबरात, पाऊस संपला की, एकदा मामांकडे पूर्ण स्कॅन करून घेणार आहे.

निळा टॅग बाबांकडे असतो, सदऱ्याच्या वरच्या खिशात, दोरीला बांधलेला. पार्किंगमधून मी खुर्ची ढकलते, लॉबीच्या दाराशी थांबते. बाबा खिशातून टॅग काढून दाराला टेकवतात, आणि दार उघडतं.